दत्ताराम मेस्त्रींचा दावा

दत्ताराम मेस्त्रींनी आयुष्यात कुणाला माफ केलं असेल, तर ते निदान माझ्या पाहण्यात नाही. आडनाव मेस्त्री, पण करवत कधी हातात धरली नाही. हातात कायम कालथा नाहीतर डाव. ओमानमधल्या इब्रीच्या दक्षिणेला, वस्ती संपून सपाट खडकाळ माळ सुरू होतो तिथे आमच्या रस्त्याच्या कामाचा कॅम्प होता आणि मेस्त्री त्या कॅम्पच्या मेसचे मुख्य आचारी होते. गाव मालवणकडचं. मी वसईचा ख्रिस्ती, लॅबमध्ये खडी आणि डांबर तपासायला होतो. दारू पीत नाही या एवढ्याशा गुन्ह्यावरून त्यांनी माझं नाव ‘पाद्री’ ठेवलं, आणि माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला अजूनही खात्री नाही.

राग धरायला त्यांना मोठं कारण लागत नसे. इब्रीच्या बाजारातल्या एका न्हाव्याने एकदा त्यांची मिशी एका बाजूला जास्त उडवली. त्यानंतर ते दुसऱ्या दुकानात जाऊ लागले, हे कुणीही केलं असतं. पण तिथून मिशी कोरून बाहेर पडले की मेस्त्री मुद्दाम उलट्या दिशेने चालत येऊन पहिल्या न्हाव्याच्या काचेसमोर उभे राहत. तो मान वर करून बघेपर्यंत हलत नसत. त्याने बघितलं की मिशीवरून बोट फिरवायचं आणि पुढे चालू लागायचं. “तेका दिसाक व्हया,” एवढंच म्हणत. न्हावी बिचारा केव्हाच सगळं विसरला होता. तो आतून हात हलवून यांना या या म्हणायचा, आणि मेस्त्रींना वाटायचं की तो आता माफी मागतोय.

एका फोरमनने एकदा जेवताना म्हटलं, “आज कालवण पातळ झालंय.” दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात मेस्त्री सुरमईची तुकडी अशी निथळून वाढत की रश्श्याचा थेंब खाली पडू नये. सगळ्यांच्या वाट्याला रस्सा, याच्या वाट्याला कोरडा भात. बरेच दिवस माणूस पाण्याचे घोट घेत भात ढकलत राहिला आणि शेवटी सगळ्या मेससमोर म्हणाला, “मेस्त्री, रस्सा द्या हो थोडा.” मेस्त्रींनी डाव उचलला आणि अगदी काळजीने विचारलं, “पातळ आसा हा. चलतला?”

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या फोरमनची तुकडी कधी लहान नव्हती, शिळी नव्हती, खारट नव्हती. “भांडान माणसाशी,” मेस्त्री म्हणायचे, “अन्न मधी आणूचा नाय.” आणि रागासारखीच मायाही ते धरून ठेवत. कुणाला ताप आला तर त्याच्या खोलीवर पेज घेऊन स्वतः जात, आणि त्याने पूर्ण वाटी संपवेपर्यंत दारात उभे राहून त्याच्या कंत्राटदाराला, हवामानाला आणि सासुरवाडीला शिव्या देत. भिकाजीवर त्यांची माया अशीच होती.

भिकाजी परब पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. त्याला ओमानात आणलं तेच मुळी मेस्त्रींनी. गाववालो, आणि वाडीही एकच. निघताना भिकाजीच्या बायकोला, शेवंती वहिनींना, मेस्त्रींनी सांगितलं होतं की याच्या जेवणाखाण्याची काळजी माझी. भिकाजी गरीब माणूस होता, म्हणजे स्वभावाने. कुणी टँकर लावायला सांगितला की लावायचा, हलवायला सांगितला की हलवायचा. दारूला शिवत नव्हता, पण मी शिवत नाही म्हणून मेस्त्री मला पाद्री म्हणत आणि तो शिवत नाही म्हणून त्याला शाणो म्हणत, यावर मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो.

आता त्या माळावरच्या वाऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण इथल्या थंडीत काय होतं हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो. पण थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून वारा सुटतो, कोरडा आणि बोचरा, आणि त्या माळावर त्याला अडवायला झाड नाही की डोंगर नाही. वाळू आभाळात जात नाही. ती जमिनीला लागून धावते, आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. वर स्वच्छ निळं आभाळ, ऊनसुद्धा पडलेलं, आणि खाली उभ्या माणसाला स्वतःचे बूट दिसत नाहीत. लॅबच्या गच्चीवरून पाहिलं तर रस्त्यावरच्या पाट्यांची फक्त डोकी दिसायची. वारा आणखी वाढला की वाळू गाडीच्या काचेपर्यंत येते, आणि मग रस्ता कुठला आणि माळ कुठला हे देवालाही सांगता येत नाही. त्यात ऊन उतरलं की अशी हुडहुडी भरते की दोन स्वेटर घालून माणूस बोलताना अडखळतो. अशा वाऱ्यात कॅम्पचा नियम एकच होता: बाहेर पडायचं नाही, आणि पडलात तर गाडी सोडायची नाही.

त्या दिवशी दुपारी असाच वारा होता. निमकर साहेब आमचे कॅम्पचे मॅनेजर. पुण्याकडचे, शर्टाला इस्त्री, बोलणं गोड, आणि वरच्या माणसांपुढे फारच गोड. दुसऱ्या दिवशी तपासणीला बाहेरचे इंजिनिअर येणार होते, तेव्हा भरावावर पाणी मारलेलं दिसलं पाहिजे असं त्यांना वाटलं. वाळू पळतेय, दिसत काही नाही, आणि यांना रस्ता ओला हवा! मेस्त्री त्याच वेळी ऑफिसात चहा घेऊन गेले होते. भिकाजी म्हणत होता, “साहेब, वारो कमी झालो की जातंय.” निमकर म्हणाले, “यल्ला, यल्ला, नीघ लवकर. काश्मीरला पाठवतोय का तुला?” मेस्त्रींनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. भिकाजी नेहमीप्रमाणे गेला.

पाणी भरताना पाइप निसटला आणि तो नखशिखांत भिजला. जुना टँकर, एका बाजूची काच वर सरकत नव्हती. अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं असावं. भिजलेला माणूस त्या उघड्या केबिनमध्ये किती वेळ बसणार? तो उतरला आणि नव्या रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या चाचपत कॅम्पकडे चालू लागला. पण खुंट्या कॅम्पच्या शेजारून निघून पुढे माळावर जात होत्या, आणि वाळूत त्याला कॅम्प दिसला नसावा. सकाळी वारा पडल्यावर तो सापडला. अंगावरचे कपडे वाळूने कडक झाले होते. तिथून मेसची चिमणी दिसत होती.

मेस्त्री त्याच्याजवळ खाली बसले आणि त्याच्या कानातली वाळू करंगळीने काढत राहिले. मला ते पाहवलं नाही.

आणि मग निमकर बोलले. चौकशीला आलेल्यांपुढे, फोनवर, जो विचारेल त्याला एकच सांगत: मी त्याला थांब म्हणालो होतो, हा न विचारता गेला. आणि वर हळूच, “ओमानमध्ये थंडीनं कुणी मरतं का हो? घेतली असणार त्यानं.” मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. सुट्टीवर गेलेल्या कुणाच्या तरी तोंडून हेच वाक्य गावात पोचलं, आणि गावाला ते पटलं. वाळवंटात थंडीने माणूस मेला यापेक्षा दारू पिऊन मेला हे कुणालाही चटकन पटतं. शेवंती वहिनींचा सख्खा दीर म्हणाला, आम्हाला आधीच संशय होता. हे वहिनींनी फोनवर रडत मेस्त्रींना सांगितलं. मेस्त्री नुसते ऐकत होते. फोन ठेवून मला म्हणाले, “पाद्री, ह्या निमकराच्या तोंडातसून खरा काढल्याशिवाय मी घराक जाणार नाय.”

सूड घेण्याची पद्धत मात्र खास मेस्त्रींचीच होती. त्या दिवसापासून निमकरांचं जेवण कॅम्पमध्ये सगळ्यात उत्तम. गरम चपाती, वर तूप, हवं तसं वरण. आणि शेवटची चपाती ताटात टाकताना मेस्त्री रोज, एकाच आवाजात, म्हणायचे, “साहेबानू, भिकाजीक तुमी पाठवलात.” बस, एवढंच. आवाज चढवायचा नाही, डोळे वटारायचे नाहीत. पहिल्या दिवशी निमकर हसले. नंतर ओरडले. नंतर मेसमध्ये येणं सोडून जेवण आपल्या केबिनमध्ये मागवू लागले. मेस्त्री स्वतः ताट घेऊन जात. निमकर पहिल्याच चपातीवर हात धुवायला लागले, तर मेस्त्री पहिल्या चपातीबरोबर म्हणायला लागले.

बदली करून टाकावी, तर तीही सोय नव्हती. आमचे ओमानी मालक, अर्बाब, गुरुवारी मेस्त्रींच्या हातचं सुरमईचं कालवण खायला मुद्दाम एवढ्या लांब येत. निमकरांनी विषय काढला तेव्हा अर्बाब बोटं चाटत म्हणाले, “मेस्त्री किधर भी नहीं जाएगा. तुमको जाना है तो बोलो.” मी ते ऐकलं आणि रात्रभर मनात घोळवत झोपलो. आम्हाला सगळ्यांनाच निमकरांचा राग होता, पण आमचा राग पगाराच्या तारखेपर्यंत टिकायचा. मेस्त्रींचा टिकला.

पुढच्या थंडीत पहिला जोराचा वारा सुटला तेव्हा त्यांनी कोकणातल्या सगळ्या माणसांना मेसच्या मागे जमवलं. वाळूत नारळ ठेवला, टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे सगळ्यांनी मिळून केलेली तक्रार. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी हुंकार भरायचा. नाटकात ऐकलेलं वेगळं आणि तिथे, दातात वाळू कचकचत असताना ऐकलेलं वेगळं.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझी लेकरां ह्या परमुलखात, ह्या वाऱ्यात तुझ्या नावान उभी आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ज्यान मेलेल्या माणसाच्या नावार दारू ओतल्यान, तेका तुझो ह्यो वारो एकदा दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी येशूचा माणूस, कडेला उभा होतो, आणि तिसऱ्या हुंकाराला माझाही आवाज मिसळला. निमकरांच्या केबिनची खिडकी समोरच होती. त्यांना एकेक शब्द समजत होता. परक्या भाषेत शिव्या पडल्या असत्या तर त्यांनी कान बंद केले असते. त्यांनी पडदा ओढला.

मग तो शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस, सगळे मेसमध्ये जेवत होते, बाहेर वारा दारं हलवत होता. निमकर सकाळी इब्रीला गेले होते. मेसच्या फोनची घंटा वाजली आणि मेस्त्रींनी तो उचलला. पलीकडचं नीट ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

“हॅलो, मेस ना? कोण बोलतंय?”

“मी मेस्त्री.”

काही वेळ नुसता वारा ऐकू आला. मग निमकर म्हणाले, “मेस्त्री, गाडी अडकलीय. खडीच्या क्रशरपासून थोडी अलीकडे. मागची काच फुटलीय. वाळू काढायला उतरलो होतो, आता हात चालत नाहीत. कुणाला तरी पाठवा.”

मेस्त्रींनी ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं अवजड यंत्र, चालवणाऱ्या खानसाहेबांकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. खानसाहेब पेशावरकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, पण ‘क्रशर’ हा शब्द आणि बोट कळलं. अर्धी रोटी तोंडात धरून ते उठले आणि गेले. ग्रेडर सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. निमकरांना तो कुठून ऐकू येणार?

“साहेबानू, गाडीतसून उतरू नकात.”

“नाही उतरत. पाठवताय ना?”

“पाठवतंय. पण एक सांगा. भिकाजीक कोणी पाठवल्यान?”

मेसमध्ये कुणी घास उचलेना.

“मेस्त्री, ही वेळ आहे का?”

“माका येळच येळ आसा. सगळ्यांका वाढून झाला.”

“अहो, माझी बोटं हलत नाहीयेत इथं!”

“तेची पण हलत नसतली.”

पलीकडून शिवी आली. मग विनवणी आली, मग पुन्हा शिवी. मेस्त्री फोनसमोर हात बांधून उभे होते. शेवटी निमकर म्हणाले, “मी पाठवलं.”

“मोठ्यान. वाऱ्यान ऐकाक येत नाय.”

“मी पाठवलं! तो नको म्हणत होता, मी पाठवलं! प्यायला नव्हता तो! झालं समाधान?”

“झाला. ग्रेडर कधीच निघालो, साहेबानू.”

मेसमध्ये लोकांनी टेबलं बडवली. मीही बडवली. मला मनापासून आनंद झाला, आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही.

ऊन उतरायच्या आत खानसाहेबांनी निमकरांना आणलं. ओठ काळेनिळे पडले होते, इस्त्रीचा शर्ट वाळूने भरला होता. मेस्त्रींनी स्वतःचा स्वेटर काढून त्यांना घातला, आल्याचा चहा केला, आणि कप धरवेना म्हणून स्वतः त्यांच्या ओठाला लावला. निमकर “थँक यू” म्हणाले. दात वाजत असल्यामुळे ते दोनदा म्हटल्यासारखं झालं. चहा संपल्यावर मेस्त्रींनी आपला मोबाइल काढला, शेवंती वहिनींना लावला आणि टेबलावर निमकरांपुढे ठेवला. दारात आम्ही सगळे उभे होतो. पळायला जागा नव्हती.

“वहिनी, मी निमकर बोलतोय, ओमानहून,” ते म्हणाले. “भिकाजीला त्या दिवशी मीच पाठवलं होतं. तो प्यायलेला नव्हता. गावात जे पोचलं ते खोटं होतं. मी बोललो होतो ते.”

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. वहिनी म्हणाल्या, “बरा झाला सांगितलात.” मेस्त्रींनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. खलास. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं.

मग वहिनींनी विचारलं, “साहेब, तेंका खूप थंडी वाजली काय हो?”

या प्रश्नाचं उत्तर कुणालाही ठाऊक असतं. नाही वहिनी, झोपेतच गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. असंच सांगतात सगळे, आणि सांगावंच. निमकरांनीही तेच सांगायला तोंड उघडलं. “ना...” इतकं उमटलंसुद्धा.

“खोटा नाय,” मेस्त्री म्हणाले. “परत खोटा नाय बोलाचा.”

निमकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मेस्त्रींचा स्वेटर अंगात असून ते कुडकुडत होते.

“हो वहिनी,” ते म्हणाले. “खूप.”

त्या रडल्या नाहीत. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि टीव्ही चालूच राहिला. फोन बंद करायला कुणाचाही हात पुढे होईना. शेवटी मेस्त्रींनी तो बंद केला आणि भांडी घासायला आत गेले. ते काम खरं तर त्यांचं नव्हतं.

निमकर पुढे मस्कतमधल्या बौशरच्या ऑफिसात गेले. त्या गोष्टीनंतर कॅम्पमध्ये त्यांच्याकडे बघून कुणी हसलं नाही आणि कुणी सलामही केला नाही. पुढच्या थंडीत वारा सुटला तेव्हा मंडळी नारळ घेऊन मेसमागे जमली. मेस्त्री बाहेर आले, नारळ उचलला आणि चटणीसाठी फोडला. नंतर मीही कॅम्प सोडून मस्कतच्या विमानतळाजवळ सीबला आलो.

मेस्त्री कायमचे गावी निघाले तेव्हा विमानाआधी माझ्याकडे उतरले होते. सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांनी खरेदी केली, दोन दुकानदारांशी कायमचं वैर करून घेतलं, आणि दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो.

“आधी शेवंती वहिनींकडे जाणार असाल,” मी म्हटलं.

“जावक व्हयाच.” त्यांनी काच थोडी खाली केली. मग म्हणाले, “तिना माका त्या दिसापासून फोन करूक नाय, पाद्री. मी केलो तर उचलता, बरी आसंय म्हणता, ठेवता.”

मी गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली.

“गावात आता सगळे म्हणतत, भिकाजी देवमाणूस होतो. ता झाला. पण तिची सून सांगी होती, थंडीत ही पांघरूण घेणा नाय. आंगार घातला की काढून टाकता.” त्यांचा जबडा आवळला. “त्या निमकराक आता माफी नाय. तेव्हा एकच गुन्हो होतो. आता तिका खूप थंडी वाजली म्हणान सांगितल्यान, ता पण तेच्याच डोक्यार.”

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की मेस्त्री, तो तर वहिनींना ‘नाही’च सांगणार होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांनाही ते माहीत आहे हे मला कळलं, आणि मी ते बोललो असतो तर न्हाव्यापासून निमकरांपर्यंतच्या रांगेत माझंही नाव लागलं असतं. मी गाडी चालवत राहिलो.

विमानतळावर ट्रॉलीत सामान चढवताना वर एक मोठी प्लास्टिकची चेनवाली पिशवी होती. आत जाड, फुलाफुलांचं ब्लँकेट, आखातातून घरी जाणारा प्रत्येक माणूस नेतो तसलं. मी विचारलं, घरात कुणासाठी? “शेवंतीक घेतलंय,” असं म्हणत ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. मागून लोक येत होते, त्यांच्या ट्रॉल्या अडत होत्या. मेस्त्री त्या पिशवीवर हात ठेवून उभे होते.

“ह्या तिका काय म्हणान देऊ, पाद्री?”

मागच्या ट्रॉलीला वाट द्यायला मी बाजूला सरकलो. त्यांनी थोडी वाट पाहिली, मग ती पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि आत जाऊन रांगेत उभे राहिले.